रस्त्यावरची माकडे मोजण्याआधी

पुणे

अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा दोनदा वाचला, कारण पहिल्या वाचनात तो मला आवडला आणि मला चटकन आवडलेल्या आराखड्यांवर माझा फारसा विश्वास नाही. उष्ण कटिबंधातील माकडांच्या जातींचे वजन, आहार, कळपाचा आकार आणि वावराचे क्षेत्र (जात जितक्या भूभागात आढळते तो) एका तक्त्यात मांडून कोणती जात नामशेष होण्याच्या अधिक जवळ आहे, हे शोधण्याचा तुझा बेत आहे. बेत चांगला आहे. पण त्यात एक गाठ आहे, ती आताच सोडव.

लहान क्षेत्रात राहणाऱ्या जाती अधिक धोक्यात आहेत, असे उत्तर तुला मिळेल, हे मी आजच सांगतो. आययूसीएन या जागतिक निसर्ग-संवर्धन संस्थेच्या लाल यादीत, म्हणजे कोणती जात किती धोक्यात आहे याच्या नोंदीत, जातीचा वर्ग ठरवताना वावराचे क्षेत्र हा एक निकष असतोच. ते २०,००० चौरस किलोमीटरपेक्षा कमी असेल आणि शिवाय तुकड्यांत विभागलेले असून घटतही असेल, तर जात धोक्याच्या वर्गांत जाऊ शकते. म्हणजे जे आपणच आत घातले तेच शोध म्हणून बाहेर काढायचे! म्हणून केवळ क्षेत्राच्या निकषावर यादीत आलेल्या जाती बाजूला काढून गणित पुन्हा करून पाहा. दुसरे असे, की जवळच्या नात्यातल्या दहा जाती म्हणजे दहा स्वतंत्र पुरावे नव्हेत. त्यांचे वजन आणि आहार एकाच पूर्वजाकडून आलेले असतात. वंशवृक्ष गणितात घेतल्याशिवाय एकही आलेख मला दाखवू नकोस.

आता मुख्य मुद्दा. ‘मोठे माकड अधिक धोक्यात’ हे विधान अर्धवट आहे, कारण कशाचा धोका, हे त्यात सांगितलेले नाही. बंदूकधारी माणूस एका काडतुसात जास्त मांस शोधतो, म्हणून शिकारीत मोठ्या जाती आधी जातात. झाडतोडीत मात्र ठरावीक फळांवर आणि उंच फांद्यांवर जगणारी जात आधी जाते, मग ती आकाराने कितीही असो. घाना आणि आयव्हरी कोस्टमधील मिस वॉल्ड्रन्स रेड कोलोबस या माकडाचे खात्रीलायक दर्शन १९७८ नंतर झालेले नाही. ज्या जंगलांत ते राहत होते, त्यांपैकी काही उभी होती, पण शिकार थांबली नव्हती. उपग्रहाच्या छायाचित्रात झाडे दिसतात, बंदूक दिसत नाही.

शिकार असो वा झाडतोड, त्यातून सावरणे जन्माच्या वेगावर अवलंबून असते, आणि तुझ्या तक्त्यात नेमका तोच रकाना नाही. आपल्या पश्चिम घाटातील सिंहपुच्छ माकडाची मादी साधारण सहा वर्षांची होईपर्यंत पहिले पिल्लू देत नाही आणि पुढेही एका वेळी एकच, तेही दोन-तीन वर्षांच्या अंतराने. ब्राझीलमधील सोनेरी सिंह टॅमरिन हे छोटे माकड जेमतेम अर्धा-पाऊण किलोचे, पण त्याला बहुधा जुळी होतात. १९७० च्या दशकात काहीशेवर आलेली त्याची संख्या संरक्षण मिळाल्यावर पुन्हा वाढू शकली, यामागे माणसाची मेहनत जशी आहे तसा हा वेगही आहे. मात्र २०१८ च्या सुमारास पीतज्वराने त्याच टॅमरिनला पुन्हा मोठा फटका दिला, हेही विसरू नकोस. आपल्याकडे माकडतापाने वानर आणि माकडे दोन्ही मरतात; सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात तो २०१६ मध्ये माणसांत आला. रोग हा घटक आकारमानाच्या गणितात सहसा सापडत नाही.

‘घाटात तर माकडेच माकडे आहेत’ असे तू मागे म्हणालीस, त्यावर मी तेव्हा गप्प राहिलो. वरंधा घाटात गाड्यांपाशी गालांत शेंगदाणे कोंबून बसणारी ती माकडे (बॉनेट मकाक) भारताच्या द्वीपकल्पीय भागाबाहेर कुठेच नाहीत, आणि आययूसीएनने त्यांना आता असुरक्षित वर्गात घातले आहे. रस्ते रुंद करताना कडेचे जुने वड गेले, तसे त्यांचे खाणे आणि निजण्याची जागा गेली. उत्तरेकडून सरकणारे ऱ्हीसस माकडही त्यांची जागा घेत आहे. लांब शेपटीचे माकड आग्नेय आशियात देवळांपासून बंदरांपर्यंत दिसायचे, तेही २०२२ मध्ये संकटग्रस्त ठरले. रस्त्यावर दिसणारी माकडे मोजून जंगलाचा अंदाज करता येत नाही, कारण खाण्यासाठी ती सगळी एका वळणावर जमलेली असतात.

म्हणून तक्त्याच्या आधी डोळा तयार कर. कळपात किती माद्या, त्यांपैकी किती जणींची स्तनाग्रे लांबलेली आहेत (म्हणजे त्या व्यायलेल्या आहेत), आणि किती जणींच्या पोटाला पिल्लू बिलगले आहे, हे वेगवेगळे लिहायला शीक. पोटाला बिलगलेले पिल्लू पुढच्या वर्षी कळपात दिसते का, ही नोंद बहुतेक जण ठेवत नाहीत, कारण तिच्यासाठी त्याच जागी पुन्हा जावे लागते.

येत्या रविवारी पहाटे साडेपाचला निघू. दुर्बीण आणि कडक पुठ्ठ्याची वही आण. खाऊचा डबा मात्र गाडीतच राहील, आणि काचा बंद.

तुझा,
सर