आईच्या गुडघ्यात बोन मॅरोच्या स्टेम सेल सोडाव्यात का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. माझी आई ६४ वर्षांची आहे, दोन्ही गुडघ्यांना ऑस्टिओआर्थरायटिस (सांध्याची झीज), एक्सरेवर ग्रेड ३ म्हणजे मध्यम झीज सांगितलीय. मांडी घालता येत नाही, जिना उतरताना कठडा धरूनच उतरते. एका क्लिनिकमध्ये सांगितलं की तिच्याच कमरेच्या हाडातला बोन मॅरो (हाडाच्या आतला मऊ मगज) काढून त्यातल्या स्टेम सेल (मूळ पेशी) गुडघ्यात सोडल्या की नवीन गादी तयार होते आणि ऑपरेशन टळतं. खर्च एवढा आहे की बाबांची एफडी मोडावी लागेल. खरंच गादी तयार होते का? – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, एफडी आत्ता मोडू नका. नवीन गादी तयार होते असं आजवरच्या चांगल्या अभ्यासांत दिसलेलं नाही.

ही कल्पना मात्र कुणीतरी उगाच काढलेली नाही. गुडघ्याच्या गादीला, म्हणजे कूर्चेला, रक्तवाहिन्याच नसतात, त्यामुळे ती एकदा झिजली की जखमेसारखी आपोआप भरून येत नाही, पण तिच्या खालच्या हाडात मॅरो असतो, म्हणून सर्जन बरीच वर्षं छोट्या जखमेसाठी हाडाला बारीक भोकं पाडून मॅरो वर येऊ देतात. त्यातून काहीतरी तयार होतं खरं, पण ती मूळची गुळगुळीत गादी नसते, जरा राठ, व्रणासारखी असते आणि तेवढी टिकत नाही.

आता स्टेम सेलचं. मॅरोमध्ये या पेशी फारच थोड्या, दहा हजार ते एक लाख पेशींमागे जेमतेम एक. मशीनमध्ये फिरवून मॅरो घट्ट केला तरी सुईत येतात त्या मोजक्याच. आणि सोडल्यावर त्या तिथे बसून कूर्चा होतात असंही नाही, बहुतेक पेशी काही दिवसांत-आठवड्यांत नाहीशा होतात, असल्या तेवढ्या वेळात त्या सूज कमी करणारी द्रव्यं सोडतात आणि आसपासच्या पेशींना इशारे देतात. या पेशींना 'मेसेन्कायमल स्टेम सेल' हे नाव १९९१ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ अर्नोल्ड कॅप्लान यांनी दिलं, आणि २०१७ मध्ये त्यांनीच लिहिलं की हे नाव बदला, 'स्टेम सेल' म्हटलं की लोकांना नवीन अवयव तयार होतो असं वाटतं. नाव देणारा माणूसच असं म्हणाला हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

पेशंटवरचे अभ्यास बघा. अमेरिकेत फ्लोरिडाच्या मेयो क्लिनिकने दोन्ही गुडघे दुखणाऱ्या २५ जणांच्या एका गुडघ्यात त्यांचाच मॅरो आणि दुसऱ्यात नुसतं सलाईन सोडलं, कुठल्या गुडघ्यात काय ते पेशंटला सांगितलं नाही. दुखणं दोन्ही गुडघ्यांचं कमी झालं, सारखंच! म्हणजे 'माझ्या मावशीला फरक पडला' हे खोटं नसतं, पण तो फरक पेशींचाच होता हे त्यावरून ठरत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतलाच दुसरा, खूप मोठा अभ्यास आला, जवळपास पावणेपाचशे पेशंट, मॅरो, चरबीतल्या पेशी, नाळेतल्या पेशी, आणि तुलनेला साधं स्टेरॉइडचं इंजेक्शन. वर्षभराने कुठल्याच पेशी स्टेरॉइडपेक्षा सरस ठरल्या नाहीत.

आपल्याकडे एक वेगळी गोष्ट आहे. बेंगळुरूच्या कंपनीचं स्टेमप्युसेल, यात निरोगी दात्यांच्या मॅरोतल्या पेशी लॅबमध्ये वाढवून तयार इंजेक्शन देतात. ग्रेड २ आणि ३ च्या १४६ पेशंटवर चाचणी झाली, दुखणं आणि आखडणं प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या खोट्या इंजेक्शनपेक्षा) जास्त कमी झालं, आणि २०२२ मध्ये डीसीजीआयची (केंद्राच्या औषध नियंत्रकांची) परवानगी मिळाली. पण तिथेही एमआरआयवर काय दिसलं, तर गादी आहे तशी टिकली. नवीन उगवली नाही.

म्हणून क्लिनिकला स्पष्ट विचारा, आईचाच मॅरो काढणार की मान्यता असलेलं तयार इंजेक्शन देणार, आणि 'गादी तयार होते' हे लेखी द्याल का. ट्रायल आहे म्हणाले तर सीटीआरआयचा (देशातल्या औषध-चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा) नोंदणी नंबर मागा, आणि ट्रायलच्या औषधाचे पैसे पेशंटने भरायचे नसतात हे लक्षात ठेवा.

तोवर मांडीच्या स्नायूंचे व्यायाम चांगल्या फिजिओथेरपिस्टकडून शिकून रोज करायचे, तीन महिने तरी, हे मी अगदी कळकळीने सांगते कारण लोक आठ दिवसांत सोडून देतात. वजन जास्त असेल तर एक किलो कमी केलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने हलका होतो. घरात कमोड बसवा, आणि काठी जास्त दुखणाऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायला सांगा, बहुतेक जण नेमकी उलट धरतात.

रात्री दुखण्याने झोप मोडते का, आईंचं वजन किती आणि तो एक्सरे उभं राहून काढला होता का, एवढं कळवा, मग गुडघा बदलायचं बघायला हवं का ते नीट सांगता येईल.