तगरीचा वास गेला कुठे?

प्रश्न असा आहे: धूप-उटण्यांच्या जुन्या संस्कृत वर्णनांत चंदन, अगरू यांच्या पंगतीला 'तगर' बसलेलं असतं. आमच्या परसातल्या तगरीला तर दिवसा नाक लावलं तरी वास येत नाही. मग हिचा धूप करत कसे?

हिचा करत नसतच. नाव एक, झाडं दोन. आयुर्वेदातलं तगर म्हणजे हिमालयात होणाऱ्या एका छोट्या वनस्पतीचं उग्र वासाचं मूळ. काष्ठौषधींच्या दुकानात ते तगर-गंठोडा म्हणून मिळतं. 'धम्मपद' या बौद्ध ग्रंथात फुलांचा गंध वाऱ्याविरुद्ध जात नाही, चंदनाचा नाही, तगराचाही नाही, असं म्हटलंय. गंधासाठी नाव घ्यावं असं तगर हे मूळच. गोंधळाला मोनियर-विल्यम्सच्या संस्कृत-इंग्रजी कोशानेही हातभार लावला. तिथे 'तगर' या शब्दापुढे आपल्या अंगणातल्या झुडपाचंच शास्त्रीय नाव दिलंय आणि त्याचीच सुवासिक पूड होते असंही!

आपली तगर कण्हेरीच्या कुळातली. पान तोडलं की पांढरा चीक येतो. पानं समोरासमोर, फांद्या पुन्हा पुन्हा दुभंगत ऐसपैस पसरणाऱ्या. 'टॅबर्नेमोंटाना डिव्हॅरिकाटा' या शास्त्रीय नावातलं 'डिव्हॅरिकाटा', म्हणजे ऐसपैस पसरलेली, ते यावरूनच. फुलाची खाली बारीक नळी आणि वर पाच पाकळ्या, भिरभिऱ्यासारख्या एकाच अंगाला मुरडलेल्या. डबल तगरीत पाकळ्यांची गर्दी असल्याने ही मुरड नीट दिसत नाही. वास असतो, पण रात्री आणि मंद. हिंदीत हिला चांदनी म्हणतात; तिला ते नाव जास्त शोभतं असं मला वाटतं. बंगालीत मात्र आपल्यासारखंच टगर.

नावाचा पहिला भाग 'टॅबर्नेमोंटाना' हा तर आडनावाचा खेळ. सोळाव्या शतकातला जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ याकोब थिओडोर बेर्गत्साबेर्नचा. त्याने गावाच्या नावाचं लॅटिन करून ते स्वतःला लावलं, पुढे ते या झुडपांना चिकटलं.

आणखी एक तगर आहे, ते गावाचं जुनं नाव: धाराशिव जिल्ह्यातलं तेर. 'पेरिप्लस' या प्राचीन ग्रीक सागरी व्यापारवर्णनात ते पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं नगर आहे आणि शिलाहार राजे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवत. झुडपाशी त्याचं नातं लावायचा मोह मी तरी आवरतो.

वाचताना सोपी खूण म्हणजे शेजारी पाहावं. जोडीला जटामांसी, कोष्ठ अशा वासाच्या मुळ्या असतील तर ते मूळ. परडीत जास्वंद, कण्हेर असेल तर ती आपली तगर.