लाकूड तेच, बुरशी तीच, मग दर वेळी वजनघट वेगळी का?

तुम्ही विचारलंय, लाकूड कुजवणाऱ्या कोनिओफोरा पुतेआना या बुरशीचं कल्चर तेच असूनही कुजवायला ठेवलेल्या लाकडी ठोकळ्यांची वजनातली घट मागच्या खेपेच्या निम्मीच का आली, प्रोटोकॉल चुकला का. प्रोटोकॉल राहू द्या, आधी इन्क्युबेटर, म्हणजे ठरावीक तापमान राखणारं कपाट, खरंच किती अंशांवर चालतोय ते बघा.

मी नागपुरात एम.एस्सी. करत होतो. मे महिना, बाहेर ४५ अंश, आणि बीओडी इन्क्युबेटरचा कॉम्प्रेसर बसला. सरांनी बुरशी आणि ठोकळे ठेवलेले सगळे फ्लास्क कूलरसमोरच्या टेबलावर मांडायला लावले. "बुरशीच तर आहे बाप्पा, मरते काय उन्हाळ्यात?" दुपारी लाइट गेली की कूलर बंद, खोलीचा तवा. कोनिओफोराला २२-२३ अंश मानवतात, पस्तिशीच्या पुढे ती वाढतच नाही. चार दिवसांत तिचा फुललेला कापूस खाली बसून अगारला, म्हणजे तिच्या खाद्याच्या जेलीला, चिकटला.

१६ आठवड्यांनी ठोकळ्यांवरची बुरशी खरवडून ते १०३ अंशांना वाळवले. सागाची घट दीड टक्का. सर खूश, "बघ, अस्सल चंद्रपूरचा साग!" मी म्हटलं, सर, आंब्याचीही तीनच टक्के आहे. आंबा! अंगणात उघड्यावर दोन पावसाळे टिकत नाही तो. म्हणजे बुरशीच खात नव्हती. युरोपियन पद्धतीत कंट्रोलच्या, म्हणजे बुरशी जोमात आहे ना हे बघायला ठेवलेल्या, पाइनची घट २० टक्क्यांपर्यंत गेली नाही तर चाचणीच बाद. सरांनी तक्त्यातली आंब्याची ओळच उडवली.

त्याच खोलीत ग्लिओफायलम ट्रेबियम ही लाकूड कुजवणारी दुसरी बुरशी मजेत वाढली असती, तिला उकाडा चालतो. म्हणजे तापमान बदललं की कोणती बुरशी जास्त खाते तेही बदलतं.

तापमान बरोबर निघालं तर स्लँट, म्हणजे नळीत जपलेलं मूळ कल्चर, बघा. वर्षानुवर्षं माल्ट अगारवरच सबकल्चर केलेली, म्हणजे एका जेलीवरून दुसऱ्या जेलीवर हलवत ठेवलेली बुरशी आळशी होते. दिसते टवटवीत, लाकडाला मात्र तोंड लावत नाही. अधूनमधून लाकडावर वाढवून तिथूनच परत घ्या. ठोकळे थेट अगारवर टेकवताय का? पाण्याने भरले की हवा मिळत नाही आणि कुजणं थांबतं. आम्ही खाली काचेच्या कांड्या ठेवायचो.

तुमचे ठोकळे किती ओले निघाले ते तुम्ही लिहिलं नाही, त्यामुळे नेमकं कारण मी सांगू शकत नाही. आणि साग टिकाऊ असतो हे मीही मानतो. त्या चाचणीतून ते सिद्ध झालं नव्हतं, एवढंच मी तेव्हा म्हणत होतो.