रायफलीच्या दस्त्याला कोणते पॉलिश टिकेल?

प्रश्न : आमचे गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीहून कणकुंबीकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. माझ्या नावे रीतसर परवाना असलेली .३१५ बोअरची जुनी रायफल घरी आहे. निवडणुकीच्या काळात ती जमा केली होती. परत मिळाली तेव्हा दस्त्यावर, म्हणजे नळी ज्यात बसते आणि जो खांद्याला टेकतो त्या लाकडी भागावर, पांढरी बुरशी धरली होती आणि पॉलिश जागोजागी दुधाळ झाले होते. गावचा सुतार मेलामाइन मारून देतो म्हणतो, पुतण्या पॉलियुरेथेनचा आग्रह धरतो आणि मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले माझे काका जवसाच्या तेलाशिवाय दुसरे काही ऐकूनच घेत नाहीत. आमच्याकडच्या पावसात यांपैकी काय लावावे?

उत्तर : आपल्या काकांचे म्हणणे निम्मे बरोबर आहे आणि उरलेले निम्मे पुतण्याचे, मात्र दोघांचेही लक्ष दस्त्याच्या दिसणाऱ्या भागावर आहे आणि लाकूड पाणी पिते ते न दिसणाऱ्या जागांतून. त्याकडे पुढे वळू. (दस्त्याला कुंदा असेही म्हणतात, परंतु बेळगावकरांसमोर तो शब्द वापरला की गोष्ट मिठाईकडे वळते, म्हणून येथे दस्ताच म्हणतो.)

आधी सध्याचे पॉलिश कोणते आहे ते ओळखावे. रायफल रिकामी असल्याची स्वतः डोळ्यांनी खात्री करून घ्यावी आणि मग दस्त्याच्या एखाद्या आडबाजूला कापसाने स्पिरिटचा एक थेंब लावावा. मिनिटभरात ती जागा चिकट झाली, तर ते लाखेचे, म्हणजे चपड्याचे पॉलिश आहे असे समजावे. लाख दिसायला सुरेख असते, पण ओल लागली की पांढरी पडते. आपल्या पत्रातला ‘दुधाळ’ हा शब्द वाचून माझा संशय तिच्यावरच आहे. ती स्पिरिटनेच निघते. बुरशी घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्याने पुसावी, नंतर टर्पेंटाइनचा हात द्यावा आणि दस्ता वाऱ्याच्या खोलीत आठ-पंधरा दिवस राहू द्यावा. लवकर वाळावा म्हणून तो उन्हात किंवा चुलीजवळ ठेवल्यास लाकडाला चिरा जातात.

आता पर्यायांविषयी. पॉलियुरेथेन आणि मेलामाइन ही दोन्ही लाकडावर पापुद्रा धरणारी पॉलिशे आहेत, आणि तो पापुद्रा अखंड आहे तोवर ओल अडवण्यात तेल त्यांच्या जवळपासही येत नाही, हे मान्य करायला हवे. अडचण अशी की रायफल कपाटासारखी एका जागी उभी राहत नाही. ती जीपच्या फळीला घासते, दगडाला टेकते, आणि एकदा ओरखडा गेला की त्यातून शिरलेले पाणी पापुद्र्याखाली अडकून राहते. मग तेवढीच जागा दुरुस्त करता येत नाही, सगळा दस्ता खरवडावा लागतो. तेलाचे तसे नाही. ओरखडा पडला तर बोटावर थोडे तेल घेऊन तेथेच चोळले की काम झाले. म्हणून बाहेरच्या अंगाला मी तेलच सुचवीन.

परंतु कोणते तेल? जवसाचे, म्हणजे आपल्याकडच्या कानडी भाषकांच्या अगसीचे, कच्चे तेल हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होते खरे, पण त्याला दिवसच्या दिवस लागतात, दमट हवेत त्याहूनही अधिक, आणि तोवर ते बुरशीचे खाद्य ठरते. पूर्वी पलटणीत .३०३ रायफलींना हेच तेल लावत, आणि ते टिके याचे कारण जवानांच्या हातून ते वारंवार चोळले जाई. घरातल्या रायफलीची तेवढी सेवा कोणी करत नाही. त्यामुळे रंगाच्या दुकानात ‘डबल बॉइल्ड’ नावाने मिळणारे, सुकवणारी द्रव्ये घातलेले जवसाचे तेल घ्यावे. तुंग तेल (तुंग झाडाच्या बियांचे) मिळाले तर पाण्यापुढे ते अधिक चिवट ठरते. तेल फडक्याने अगदी पातळ लावून दहा-पंधरा मिनिटांनी उरलेले सगळे पुसून काढावे, एक दिवस जाऊ द्यावा आणि असे चार-पाच हात द्यावेत. जाड हात दिला तर तो महिनाभर चिकटत राहतो. शेवटी मधमाशांच्या मेणाचा हलका लेप द्यावा. हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये करावे. जूननंतर हात घालू नये.

पुतण्याचे पॉलियुरेथेन वापरायचे ते न दिसणाऱ्या जागी. खांद्याकडची पट्टी काढली की तिच्याखाली लाकडाच्या नसा तुटलेल्या टोकांनी उघड्या असतात, आणि नळीखालच्या खाचेत तर बहुधा कोरे लाकूडच असते. तेथून ओल चढली की दस्ता फुगतो, नळीला रेटतो आणि पावसाळ्यात नेम सरकतो. या दोन्ही जागी टर्पेंटाइनने पातळ केलेल्या पॉलियुरेथेनचे दोन-तीन हात द्यावेत. आपल्या रायफलीत नळी लाकडापासून मोकळी ठेवलेली असेल, तर मधून कागदाची पट्टी सरकवून पाहावी. काम करण्यापूर्वी ती सहज सरकत असे आणि नंतर अडू लागली, तर हात जाड बसला आहे.

दस्ता सुताराकडे मात्र सोडून येऊ नये. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे भागही शस्त्रातच मोडतात. काम स्वतः करावे किंवा परवानाधारक कारागिराकडे न्यावे. आणखी एक, तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि असा बोळा आपोआप पेट घेतो. ती दोरीवर पसरून वाळवावीत.

प्रश्न : घरात खोबरेल तेल असतेच, दस्त्याला तेच लावले तर चालेल का? नळीच्या तेलानेच लाकूडही पुसावे काय? (निपाणी)

उत्तर : दोन्ही नको. खोबरेल कधीच सुकत नाही, नुसते धूळ धरते. नळीचे खनिज तेल तर लाकडात मुरून त्याला काळे आणि मऊ करते. जुन्या बंदुकांचे दस्ते मुठीपाशी काळवंडून पिचलेले दिसतात त्याचे कारण बहुतेकदा हेच असते. म्हणून नळीला तेल दिल्यावर रायफल काही तास तोंड खाली करून, खाली जाड फडके घालून ठेवावी, म्हणजे जास्तीचे तेल लाकडाकडे न उतरता फडक्यात उतरेल. रेक्झिनच्या कव्हरात ती कधीही कायमची ठेवू नये.