ताण चांगला म्हणून किती दिवस अंगावर काढायचा?

ताणाबद्दल येणारी पत्रं दोन प्रकारची असतात. काहींना छातीत जरा धडधडलं की हृदय निकामी होणार अशी धास्ती वाटते. बाकीच्यांनी ‘थोडा ताण चांगला असतो’ हे वाक्य कुठेतरी ऐकलेलं असतं आणि त्याच्या भरवशावर उडालेली झोप, वाढलेला रक्तदाब, सततची डोकेदुखी असं सगळं वर्षानुवर्षं अंगावर काढलेलं असतं. पहिल्यांना धीर देणं सोपं आहे. मला काळजी दुसऱ्यांची वाटते, म्हणून त्यांच्यापैकी एकाच्या प्रश्नाला इथे बरीच जागा दिली आहे.

प्रश्न : परीक्षेच्या दिवशी सकाळपासून माझी छाती धडधडते, हात गार पडतात, पोटात गोळा येतो. पेपर हातात पडला की दहा मिनिटांत सगळं थांबतं. याचा हृदयावर परिणाम होईल का? (वय 19)

उत्तर : निरोगी हृदयाचं याने काही बिघडत नाही. समोर आव्हान दिसलं की मूत्रपिंडांच्या वर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनॅलिन सोडतात. त्याने ठोके वाढतात आणि रक्त कातडीकडून स्नायूंकडे वळतं. तुमचे हात गार पडतात ते त्यामुळे. ॲड्रेनॅलिनचा जोर काही मिनिटांत ओसरतो. त्याच्या मागून कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं आणि मेंदूला व स्नायूंना साखर कमी पडू देत नाही. शरीर तुम्हाला पेपरसाठी तयार करत असतं. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या काही विद्यार्थ्यांना आधीच सांगितलं होतं, की ही धडधड उलट मदत करू शकते. गणिताच्या विभागात त्यांना इतरांपेक्षा जास्त गुण मिळाले.

मात्र पेपर अर्धवट टाकून उठावंसं वाटलं, आठवडाभर आधीपासून झोप उडाली किंवा परीक्षा नसतानाही धडधड व्हायला लागली, तर डॉक्टरांना दाखवा. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासायला वेळ लागत नाही.

प्रश्न : टेन्शनमुळे पोटात अल्सर होतो ना? मग टेन्शन कमी केलं की तो आपोआप भरेल का?

उत्तर : नाही. बहुतेक अल्सरना हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू किंवा वेदनाशामक गोळ्या कारणीभूत असतात. हा जिवाणू शोधणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना 2005 मध्ये नोबेल मिळालं, तरी लोक अजून टेन्शनलाच दोष देत घरी बसतात. पोटविकारतज्ज्ञांकडून तपासून घ्या. शौचाला डांबरासारखं काळं होत असेल, तर आजच जा.

प्रश्न : आमच्या कंपनीत प्रशिक्षणाच्या वेळी एक आलेख दाखवला. ताण वाढतो तशी कामगिरी वाढते, एका टोकानंतर घसरते. त्यावरून वरिष्ठांनी आमच्या विभागाची मुदत निम्म्यावर आणली. याला खरंच शास्त्रीय आधार आहे का?

उत्तर : त्या आलेखाचं मूळ 1908 मधल्या एका प्रयोगात आहे. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या दोघांनी उंदरांना काळी आणि पांढरी पेटी ओळखायला शिकवलं. चुकलं की विजेचा झटका द्यायचा. फरक सहज ओळखता येत होता तेव्हा झटका जितका जोराचा, तितके उंदीर लवकर शिकले. फरक ओळखणं अवघड केलं तेव्हा मध्यम झटक्याला ते सर्वांत लवकर शिकले आणि जोराच्या झटक्याने गोंधळले. बस, एवढंच. कचेरीतल्या माणसांवर मुदतींचा भार किती टाकावा, याचं उत्तर त्यात नाही. उलट काम अवघड असेल तर दडपण बेतानेच ठेवावं, असं त्यातून निघतं, आणि नेमकं तेच प्रशिक्षणात सांगितलं जात नाही.

माणसांवरचा पुरावा हवा असेल, तर लंडनमधल्या दहा हजारांवर सरकारी कर्मचाऱ्यांचा अभ्यास बघा. तो 1985 मध्ये सुरू झाला. आपल्या कामावर आपला ताबा नाही, असं ज्यांच्या बाबतीत दिसलं, त्यांना पुढे हृदयविकार जास्त झाला. काम भरपूर असणं आणि त्यात स्वतःला काहीच ठरवता न येणं, ही जोडी सर्वांत वाईट. मुदत कमी करायची असेल, तर कामाचा क्रम, माणसं आणि पद्धत ठरवायची मुभा तुमच्या विभागाला मिळाली पाहिजे. तेवढं लेखी मागा. आणि विभागात कुणाची झोप उडाली असेल, कुणी दारूकडे वळलं असेल, तर त्याला डॉक्टरकडे न्या. मुदतीचा वाद मिटेपर्यंत थांबू नका.

प्रश्न : मी 46 वर्षांचा आहे. गेली दोन वर्षं कामाचा भार प्रचंड आहे, झोप जेमतेम पाच तास. पण मला ताणाखालीच चांगलं सुचतं. ताण वाईट मानला तरच तो त्रास देतो, असं संशोधन झाल्याचं वाचलं. एका शिबिरात रक्तदाब 152/98 निघाला, पण त्या दिवशी फार धावपळ झाली होती. घरचे उगाच डॉक्टरकडे जा म्हणून मागे लागले आहेत. ताण सकारात्मकपणे घेणारा माणूस सुरक्षित असतो ना?

उत्तर : नसतो. आणि घरचे उगाच मागे लागलेले नाहीत.

आधी त्या संशोधनाबद्दल. अमेरिकेत 1998 मध्ये एका राष्ट्रीय पाहणीत सुमारे 29 हजार प्रौढांना दोन गोष्टी विचारल्या होत्या : गेल्या वर्षात ताण किती होता आणि त्याचा तब्येतीवर परिणाम झाला असं वाटतं का. पुढच्या काही वर्षांतल्या मृत्यूंच्या नोंदी त्याच्याशी ताडून पाहिल्या आणि 2012 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांनी दोन्हींचं उत्तर ‘खूप’ असं दिलं, त्यांच्यात अकाली मृत्यूचा धोका 43 टक्के जास्त दिसला. त्यावरून ‘ताणाला चांगलं म्हणा, मग काही होत नाही’ हे सगळीकडे पसरलं. पण ‘माझ्या तब्येतीवर परिणाम झालाय’ असं सांगणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या तब्येतीवर तो खरोखर झालेला असू शकतो! त्यांना स्वतःचं शरीर कळत होतं. समजुतीमुळे माणसं दगावली, हे अशा पाहणीतून सिद्ध होत नाही. समजूत बदलून आयुष्य वाढतं, हे तर मुळीच नाही. परीक्षेच्या हॉलमध्ये दृष्टिकोन बदलल्याचा फायदा होतो, हे मी वर सांगितलं. ती दोन-तीन तासांची गोष्ट आहे. तुमची दोन वर्षांची आहे.

ताण किती मोठा, यापेक्षा तो उतरतो का आणि किती दिवसांनी, हे मी प्रत्येक रुग्णाला आधी विचारते. पिट्सबर्गमधले शेल्डन कोहेन यांनी निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडून, कोण आजारी पडतं ते पाहिलं. 1998 मधल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, महिन्याच्या आत संपलेल्या तणावाने सर्दीचं प्रमाण वाढलं नाही. महिनाभर किंवा त्याहून जास्त टिकलेल्या गंभीर तणावाने ते वाढलं. जखमांच्या बाबतीतही तेच. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची सेवा करणाऱ्या स्त्रियांच्या हातावर छोटी, मोजून सारख्या आकाराची जखम केली, तेव्हा ती भरायला इतर स्त्रियांपेक्षा सरासरी नऊ दिवस जास्त लागले. 1995 मधला हा अभ्यास मी वाचला तेव्हापासून, दीर्घ आजारी माणसाला घेऊन कुणी आलं, तर सोबत आलेल्या व्यक्तीचाही रक्तदाब मी मोजते.

भार शरीराला हवाच असतो. अंतराळात वजनच जाणवत नाही, तर अंतराळवीरांच्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते. व्यायामाने स्नायूंवर भार येतो आणि ते बळकट होतात, पण हे बळ येतं नंतरच्या विश्रांतीत. ही विश्रांतीच तुम्ही दोन वर्षं वगळली आहे. कॉर्टिसॉल सकाळी उठल्यावर सर्वाधिक असायला हवं आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी. रात्री अकराला मेल बघत बसणारा आणि पहाटे पुन्हा कामाला लागणारा माणूस ही उतरण होऊच देत नाही. मग रक्तदाब चढाच राहतो, पोटाभोवती चरबी साठते, साखर वाढू लागते. ब्रूस मॅकइवन आणि इलियट स्टेलर यांनी 1993 मध्ये नेमकी हीच कल्पना मांडली : एकेक ताण पेलताना शरीर जी तडजोड करतं, तिची झीज साचत जाते.

आणि ती जाणवत नाही, हे मला सर्वांत घातक वाटतं. अपुऱ्या झोपेची सवय झालेला माणूस ‘मी ठीक आहे’ असंच सांगतो, पण चाचणी घेतली की त्याचं लक्ष आणि प्रतिसादाचा वेग घसरलेला निघतो. ताणाखाली चांगलं सुचतं, हे तुम्ही कशाशी ताडून म्हणता? निवांत डोक्याने काम करून दोन वर्षं झाली आहेत.

धावपळीमुळे रक्तदाब तात्पुरता वाढतो, हे बरोबर. म्हणूनच तो पुन्हा मोजायचा असतो, विसरायचा नसतो. दंडावर पट्टा बांधायचं यंत्र घ्या. पाच मिनिटं शांत बसून, सकाळी आणि संध्याकाळी दोन-दोन वेळा, असं आठवडाभर मोजा आणि लिहून ठेवा. सरासरी 135/85 किंवा त्याहून जास्त आली, तर तो उच्च रक्तदाब आहे. तुमच्या फिजिशियनची वेळ आत्ताच ठरवून ठेवा आणि आठवडा झाला की ती वही घेऊन जा. सरासरी त्याहून कमी आली तरी जा. उपाशीपोटीची साखर, चरबी, क्रिएटिनिन, ईसीजी करून घ्या. घोरत असाल तर तेही सांगा, कारण झोपेत श्वास अडकण्यानेही रक्तदाब चढतो. मोजताना आकडा 180/120 च्या पुढे गेला आणि छातीत दुखणं, दम लागणं, अंधारी येणं किंवा हातापायात कमजोरी असेल, तर दवाखान्याची वेळ घेत बसू नका, तडक रुग्णालयात जा. मी अशी माणसं पाहिली आहेत, ज्यांनी सगळं ‘हे काम हातावेगळं झालं की’ म्हणून पुढे ढकललं आणि थेट पक्षाघात घेऊन आली. तुम्ही 46 वर्षांचे आहात. हे टाळता येण्याजोगं आहे.

प्रश्न : दोन-तीन महिन्यांपूर्वी घरात दुःखद घटना घडली. आता मूठ-मूठ केस गळत आहेत. टक्कल पडेल का?

उत्तर : बहुधा नाही. मोठ्या धक्क्यानंतर दोन-तीन महिन्यांनी असे केस गळतात आणि सहसा सहा महिन्यांत थांबतात. थायरॉइड आणि लोह तपासा, त्वचारोगतज्ज्ञांना एकदा दाखवा. तेल-सीरमवर पैसे घालवू नका.

प्रश्न : सतत थकवा असल्याने मी ऑनलाइन लाळेची कॉर्टिसॉल चाचणी मागवली. अहवालात ‘ॲड्रेनल फटीग’ आलं आणि त्याच कंपनीने तीन महिन्यांच्या कॅप्सूल सुचवल्या. सोबत अश्वगंधाही चालू आहे. हे कोर्सभर घेऊ ना?

उत्तर : कॅप्सूल सुरू केल्या नसतील, तर करूच नका. चाचणीही त्यांची, निदानही त्यांचं आणि औषधही त्यांचंच, तिथेच सावध व्हायला हवं होतं. ताणाने अधिवृक्क ग्रंथी ‘दमतात’ हा आजार अंतःस्राव तज्ज्ञ मानत नाहीत. 2016 मध्ये याविषयीचे 58 अभ्यास एकत्र तपासले गेले आणि त्याला आधार सापडला नाही. कॉर्टिसॉल दिवसभर वर-खाली होत असतं, घरबसल्या काढलेल्या एका आकड्यावरून काही ठरत नाही. खरा धोका तर पुढे आहे. 2018 मध्ये अमेरिकेत अशा 12 उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा सगळ्यांत थायरॉइड संप्रेरक आढळलं आणि काहींत स्टेरॉइड. लेबलवर त्याचा उल्लेख नसतो. असं काही महिनोन्‌महिने पोटात गेलं असेल, तर एकदम बंद करणंही धोक्याचं ठरू शकतं. म्हणून डबा घेऊनच अंतःस्राव तज्ज्ञांकडे लवकर जा. कॉर्टिसॉल कमी पडण्याचा खरा आजार आहे, त्याला ॲडिसनचा आजार म्हणतात. त्यात वजन घटतं, उठताना चक्कर येते, कातडी काळवंडते. त्याची चाचणी डॉक्टरच करतात.

अश्वगंधेबद्दल : वनस्पती आहे म्हणून निर्धोक असते, हा समज सोडा. यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. थायरॉइडच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील, गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये. आणि थकव्याचं कारण अजून शोधायचंच राहिलं आहे. रक्तक्षय, मधुमेह, थायरॉइड, नैराश्य यांपैकी काय आहे, ते बघून घ्या.

प्रश्न : मुलांना लहानपणीच ताण सोसायची सवय लावली तर ती कणखर होतात, असं माझे यजमान म्हणतात. मुलगा नऊ वर्षांचा आहे, ओरडलं की गप्प-गप्प राहतो. त्यांचं बरोबर आहे का?

उत्तर : अर्धंच. नवी शाळा, हरलेला सामना, लोकांसमोर बोलणं, हा ताण मुलांना हवा असतो. स्क्विरल जातीच्या माकडांच्या पिलांना आठवड्यातून एकदा तासभर आईपासून दूर ठेवलं, तेव्हा ती पुढे कमी घाबरट निघाली. पण प्रत्येक वेळी ती आईकडे परत जात होती, हे विसरलं जातं. आधार देणारं मोठं माणूस जवळ असेल, तरच ताणातून मूल शिकतं. तो आधारच जर ताणाचं कारण झाला, तर मूल कुणाकडे परत जाणार? गप्प राहणं म्हणजे कणखरपणा समजू नका. झोप, भूक, अभ्यास, अंथरूण ओलं होणं, यात काही बदल दिसत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना किंवा बालमानसतज्ज्ञांना भेटा. यजमानांनाही सोबत न्या.

प्रश्न : मी 61 वर्षांची आहे. भावाच्या निधनाची बातमी कळल्यापासून छातीत दडपल्यासारखं होतंय, दम लागतोय. दुःखामुळे असेल म्हणून दोन दिवस थांबले आहे. किती दिवस वाट पाहू?

उत्तर : या बाईंना मी पत्र वाचल्याबरोबर रुग्णालयात जायला कळवलं. इथे उत्तर देते आहे ते इतरांसाठी. तीव्र दुःखानंतर हृदयाचा डावीकडचा खालचा कप्पा एकाएकी फुगून कमकुवत होऊ शकतो. जपानी डॉक्टरांनी 1990 मध्ये या आजाराचं पहिलं वर्णन केलं आणि त्याला ताकोत्सुबो हे नाव दिलं. तो मुख्यतः पाळी गेलेल्या स्त्रियांना होतो. ईसीजी आणि रक्ततपासणीत तो हुबेहूब हृदयविकाराच्या झटक्यासारखा दिसतो. अँजिओग्राफी केल्याशिवाय बहुतेक वेळा दोन्हींतला फरक कळत नाही, आणि दोन्हींत जीव जाऊ शकतो. छातीत दडपण आणि सोबत दम, घाम किंवा जबड्यात-हातात कळ असेल, तर एक तासही थांबू नका. स्वतः गाडी चालवत जाऊ नका, रुग्णवाहिका बोलवा.