मावशी, इथं सगळं आहे, पण माझं मन लागत नाही

यावेळचं पत्र कोल्हापुरातून आलंय, पण लिहिणारी डोंबिवलीची. वय ३३, मुलगा चार वर्षांचा. नवऱ्याला गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एका फाउंड्रीत चांगली नोकरी लागली, त्याचं मूळ गावही कागलकडचं, म्हणून गेल्या जूनमध्ये बिऱ्हाड हलवलं. ही अकाउंट्सचं काम घरून करते, पण मार्चनंतर आठवड्यातले दोन दिवस ठाण्याच्या ऑफिसात यावं लागेल असा मेल आलाय. पत्र चार पानी आहे, त्यातलं थोडंसं देते.

"मावशी, इथं वाईट असं काहीच नाही, म्हणूनच कुणाला सांगता येत नाही. फ्लॅट मोठा आहे, शाळा दहा मिनिटांवर, ह्यांना जेवायला घरी येता येतं. पण मला दिवस खायला उठतो. भाजीवालीपासून वॉचमनपर्यंत सगळे विचारतात, मिस्टर कुठं असतात, पगार किती, एकावरच थांबलासा व्हय. मी आठवड्यात तीनदा पार्सल मागवलं ते खालच्या काकूंनी सासूबाईंना फोनवर सांगितलं. जुलैत पंचगंगेचं पाणी वाढलं तेव्हा मी घाबरून मुलाला घेऊन आईकडे गेले, त्यावरून अजून चेष्टा होते. हे म्हणतात, अगं काय कमी आहे इथं? मी नाटकी आहे का? मार्चमध्ये मुलाला घेऊन परत डोंबिवलीला गेले तर चुकेल का?"
कंटाळलेली डोंबिवलीकर

अगं बाई, आधी हे ऐक, तू नाटकी नाहीयेस. मी गिरगावातून कोल्हापूरला आले १९९४ साली, आमच्या ह्यांची बँकेत बदली झाली म्हणून, तीन वर्षांसाठी आलोय असं सगळ्यांना सांगून आलो आणि अजून राजारामपुरीतच आहे. पहिलं वर्ष मी रंकाळ्यावर बसून किती वेळा रडले ते माझं मला माहीत. तेव्हा फोनसुद्धा एसटीडी बूथवरून करायचा, आणि बूथवाला पैसे घेताना विचारायचा, आईची तब्येत बरी हाय न्हवं आता? म्हणजे सगळं ऐकलेलं असायचं त्यानं. मला त्याचा इतका राग यायचा की पुढचा बूथ शोधला, तर तो याचा मेव्हणा निघाला.

तर चौकशांचं आधी बोलू. मुंबईकडे शेजारचं दार बंद असणं हा शिष्टाचार आहे, आपण त्यातच वाढलो. इथं दार बंद दिसलं की माणसं म्हणतात, काय तरी बिनसलंय वाटतं. माहेर कुठलं, पाहुणं कुठलं, मिस्टर कुठं असतात, हे विचारतात ते बरेचदा तुला कुठल्या तरी ओळखीच्या खुंटीला अडकवायला. एकदा अडकवलं की प्रश्न संपतात. तुझा नवरा कागलकडचा आहे ना, मग तुला आयती खुंटी आहे, ती वापर. "आमचं गाव कागलजवळ" एवढं एकदा म्हण भाजीवालीला, बघ ती पुढच्या वेळी कोथिंबीर वर टाकते की नाही. पगाराचं विचारलं तर हसून "भागतंय की" म्हणायचं, इथं याला पूर्ण उत्तर मानतात. एकावरच थांबलासा व्हय, याला मात्र उत्तर द्यायचं नाही, सरळ उलट विचारायचं, तुमची सून काय म्हणते?

पण तुझ्या पार्सलची बातमी सासूबाईंपर्यंत पोचवणं, हे काही प्रेम नाही गं, ही चहाडीच. कोल्हापूरची माणसं मोकळी, दिलदार वगैरे सगळं खरंय, पण त्या नावाखाली हेही खपवतात आणि तू ते गोड मानून घ्यावंस असं मी अजिबात म्हणणार नाही. काकूंना भेटून शांतपणे सांग की काकू, मला काही म्हणायचं असेल तर मलाच म्हणा. आणि मग त्याच काकूंकडे एक काम घेऊन जा. कसलं ते खाली सांगते.

आता पत्रातलं मला जे सगळ्यात जास्त टोचलं ते. "ह्यांनी" हा शब्द मी मोजला, अकरा वेळा आलाय. ह्यांनी नोकरी घेतली, ह्यांनी शाळा बघितली, आणि दुसऱ्या पानावर तू सहज लिहून गेलीस की फ्लॅट ह्यांनी टोकन देऊन झाल्यावर तुला व्हिडिओ कॉलवर दाखवला. हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. तुझी निम्मी तक्रार कोल्हापूरवर नाहीचे. तुला विचारलं गेलं नाही, त्याची ती तक्रार आहे, आणि नवऱ्याशी भांडण्यापेक्षा शहराशी भांडणं सोपं, म्हणून कोल्हापूर बिचारं मार खातंय. नवरा वाईट आहे असं नाही हं. तो त्याच्या गावाजवळ आला, जुने मित्र भेटले, रविवारी फुटबॉलची मॅच, मिसळ, घरी आईच्या हातचं. तो परत आलाय आणि तू नव्यानं आलीस. एकाच टेम्पोतून सामान आलं तरी दोघांचा प्रवास वेगळा आहे आणि त्याला हे कुणी सांगितलेलं दिसत नाही. "काय कमी आहे इथं" म्हणतो ते त्याच्यापुरतं खरंच आहे. तू त्याला सांग, टोकन देण्याआधी मला विचारायला हवं होतंस. एवढं एक वाक्य, शहराचं नाव न घेता.

दुसरं, तुझं नक्की हरवलं काय? तू लिहिलंयस डोंबिवलीची आठवण येते, पण पानभर वर्णन केलंयस ते लेडीज डब्याचं. ठरलेली लोकल, ठरलेली खिडकी, कुणाची तरी मेथी निवडायला सगळ्याजणींच्या मांडीवर, डोहाळजेवण डब्यात, भोंडला डब्यात. डोंबिवलीत तुझ्या बिल्डिंगमधल्या किती जणींची नावं माहीत होती तुला? तुझी माणसं घराशेजारी नव्हतीच, ती डब्यात होती, रोज त्याच वेळी त्याच जागी. कोल्हापुरात लोकल नाही. इथं कुठंही जायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, नवरा दुपारी जेवायला घरी येतो याचं सगळे कौतुक करतात, पण त्या वाचलेल्या दोन-तीन तासांत बाईनं काय करायचं हे कुणी सांगत नाही, आणि वर तुझं काम घरूनच, म्हणजे सकाळी भिंत आणि संध्याकाळी तीच भिंत.

तेव्हा तुला तुझा डबा इथं शोधायचाय. रोज, एकाच वेळी, एकाच जागी. रंकाळ्याला सकाळी सहा-साडेसहाला चालायला जा, फक्त वेळ बदलू नको. आठ दिवसांत माणसं मान हलवायला लागतील, पंधराव्या दिवशी कुणीतरी म्हणेल, काल आला न्हाईसा? त्या दिवशी तुझी सीट पक्की. संध्याकाळ जड जात असेल तर मुलाला घेऊन गंगावेशीत दूध कट्ट्यावर जा, समोर म्हशी उभ्या असतात, धार काढून फेसाळ ग्लास हातात देतात, गरम, हो, म्हशीच्या अंगाचंच गरम. माझी लेक पहिल्यांदा ते बघून ओरडली होती की दूध पिशवीतनं का नाही येत. तुझा लेकही ओरडेल आणि मग रोज चल म्हणेल.

आणि गाडी शीक! तुझ्या पत्रात एक ओळ आहे की बाइक हे घेऊन जातात म्हणून मी कुठं जात नाही. ही ओळ तुला किरकोळ वाटली असेल पण माझ्या मते तुझ्या कंटाळ्यातला मोठा भाग तिथंच आहे. मुंबईत बाईला पाय आणि पास पुरतो. मध्यम शहरात तसं नसतं, केएमटीची बस आहे पण तुझ्या वेळेला तुझ्या दारात येईलच असं नाही, आणि रिक्षा रोज परवडत नाही. इथं साठीच्या बायका मोपेडवर मंडईत जातात (स्कूटीला इथं मोपेड म्हणतात, शोरूममध्ये हसू नको). मी एकेचाळिसाव्या वर्षी शिकले, सायबर चौकात एकदा पडलेसुद्धा, चारजण उचलायला आले आणि त्यातला एक आमच्या ह्यांच्या बँकेतला, त्यामुळे मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचलेली. पण त्यानंतर हे शहर माझं झालं, आधी ते ह्यांच्या मागच्या सीटवरून दिसायचं.

पाण्याचं म्हणशील तर चेष्टा करणाऱ्यांना खुशाल करू दे, तू घाबरलीस ते बरोबरच होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ५५ फुटांच्याही वर गेली होती, शिरोलीजवळ हायवे बंद, गावात पेट्रोल नाही, दुधाची बोंब, २०२१ ला पुन्हा तेच. जुलै लागला की इथं माणसं नमस्कारासारखं "किती फूट?" विचारतात. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे दोन आकडे इथल्या पोरांना पाढ्यांबरोबर पाठ असतात. तुला कुणी हे आकडे समजावून सांगितले नाहीत, नुसतंच "काय होत नाही हो" म्हणाले, मग माणूस घाबरणारच. आता एक कर, बिल्डिंगमध्ये विचार, एकोणीसला पाणी कुठवर आलं होतं? अगदी पायरी दाखवून सांगतील. तुमच्या रस्त्याला पाणी आलंच नसेल तर पुढच्या जुलैत निवांत भजी तळ, आणि आलं असेल तर हा प्रश्न नवऱ्यानं टोकन देण्याआधी का नाही विचारला, हेही त्या वरच्या वाक्याबरोबर विचारून घे.

आता मार्च. मुलाला घेऊन परत जाऊ का, याला मी हो म्हणत नाही आणि कधीच नाही असंही म्हणत नाही. तुझी नोकरी मात्र सोडू नकोस. कोल्हापुरात अकाउंट्सची कामं आहेत, एवढ्या फाउंड्र्या, साखर कारखाने, सीएंची ऑफिसं आहेत, पण ठाण्याचा पगार इथं मिळेल या भ्रमात राहू नको, चौकशी करून आकडा समोर ठेव आणि मग ठरव. दर आठवड्याला दोन दिवस ठाणं हे होणार नाही, अंगाचं भुस्काट पडेल. पण ऑफिसला विचार, दर आठवड्याचे दोन-दोन करण्याऐवजी महिन्यातून एकदा सलग सहा-सात दिवस चालतील का? महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री इथून निघते, पहाटे कल्याणला उतरलीस की माहेर पुढच्याच स्टेशनच्या आसपास. एखाद्या महिन्याला नाही म्हणाले तर बघू, पण विचारायच्या आधीच तू राजीनाम्याचं वाक्य मनात लिहून ठेवलंयस, ते पुस.

आणि ते सहा-सात दिवस मुलाला सोबत न्यायचं नाही. इथंच ठेवायचं. डबा, शाळा, औषध, ताप, सगळं नवऱ्यानं बघायचं, हवं तर त्याची आई कागलहून येईल, तो त्याचा प्रश्न. इथं सगळं आहे ना, मग त्याला काय अवघड आहे? हे मी टोमणा म्हणून लिहीत नाहीये (थोडंसं लिहितेय). ज्या माणसाला इथं सोयीचं झालंय त्यानं ती सोय तुझ्यापर्यंत वाढवायची, एवढा साधा हिशेब आहे, आणि तू तर अकाउंट्सवाली. असं वर्षभर करून बघा. पुढच्या जूनला दोघांनी समोरासमोर बसून पुन्हा ठरवायचं, आणि तेव्हाही तुला परत जावंसं वाटलं तर तो पर्याय खराखुरा टेबलावर असायला हवा, हे त्याच्याकडून आत्ताच कबूल करून घे.

भाषेचं तू काही लिहिलं नाहीस पण हळूहळू कळेल, इथल्या कितीतरी बायका "मी येतो", "मी जेवलो" असं बोलतात. मला पहिल्यांदा फार विचित्र वाटायचं. मग एकदा गिरगावात भाचीच्या लग्नात निघताना मीच सगळ्यांसमोर "बरं, येतो मी" म्हणाले, अख्खा हॉल हसला, आणि परतीच्या गाडीत माझ्या लक्षात आलं की मी घरी चाललेय ते राजारामपुरीला.

आता ते काकूंकडचं काम. एप्रिल लागला की इथं घरोघरी वर्षाची चटणी करतात, आपण तिखट-मसाला म्हणू त्याला इथं चटणी म्हणतात. मिरच्या कुठून घ्यायच्या, ब्याडगी किती, जवारी किती, कांदा-लसूण कधी घालायचा, यावर प्रत्येक घराचं वेगळं मत आणि प्रत्येकीचा ठाम विश्वास की शेजारणीला जमत नाही. काकूंना जाऊन विचार, मला यंदा चटणी करायचीय, डंकावर याल का माझ्याबरोबर? बाई नाही म्हणूच शकणार नाही. डंक म्हणजे मिरच्या कांडून देणारी गिरणी. डंकावर तासन्‌तास बसावं लागतं, डोळ्यांतून पाणी, शिंकांवर शिंका, पदर नाकाला, आणि त्या अवस्थेत कुणी कुणाच्या चहाड्या करू शकत नाही, फार तर स्वतःच्या सुनेच्या करतात. माझी इथली पहिली मैत्रीण मला डंकावरच मिळाली, तिनं माझ्या मिरच्या बघून कपाळावर हात मारला होता.

पहिल्या वर्षी दोनच किलो कर, मी हौसेनं पाच किलो केली आणि दिवाळीपर्यंत घरात कुणी भाजीकडे बघेना. थोडी आईला ने. पण पिशवीवर पिशवी घालून घट्ट बांध, माझी महालक्ष्मीत कराडच्या पुढं फुटली होती आणि कल्याण येईपर्यंत अख्खा डबा शिंकत होता.

तुझी मावशी