कंट्रोल+ऑल्ट+४ ला स्वतःचा शॉर्टकट लावल्यापासून ₹ टाइप होत नाही, आणि विंडोज+एल लावलं तर स्क्रीनच लॉक होते, काय करू?

तुमचं म्हणणं असं आहे की ऑटोहॉटकीत (स्वतःचे शॉर्टकट छोट्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे सूचनांच्या फाइलमध्ये, लिहून चालवायचा प्रोग्रॅम) कंट्रोल+ऑल्ट+४ ला बँक डिटेल्सचा मजकूर लावलाय, ऑफिसच्या मशीनवर मस्त चालतं, पण घरच्या विंडोज ११ लॅपटॉपवर उजवा ऑल्ट+४ दाबून ₹ काढायला गेलं की अकाउंट नंबर, आयएफएससी सगळं धाडकन येऊन पडतं. आणि विंडोज+एल ला लेजरची एक्सेल शीट लावली तर शीट राहिली बाजूला, स्क्रीनच लॉक. दोन्हीची कारणं वेगवेगळी आहेत. पहिलं पाच मिनिटांत सुटेल, दुसऱ्याचा नाद सोडा.

आधी ₹ चं बघू. घरी तुमचा कीबोर्ड लेआउट बहुतेक 'इंग्लिश (इंडिया)' असणार आणि ऑफिसात 'इंग्लिश (यूएस)'. खाली घड्याळाशेजारी बघा, नाहीतर विंडोज+स्पेस दाबा म्हणजे यादी दिसेल. यूएस लेआउटमध्ये उजवा ऑल्ट हा साधा ऑल्टच असतो, डाव्यासारखाच. इंडियावाल्यात मात्र तो ऑल्टजीआर होतो, म्हणजे बटणावरचं तिसरं अक्षर काढायचं बटण, आणि ४ वर ते तिसरं अक्षर म्हणजे आपला ₹. आता गंमत अशी की विंडोज ऑल्टजीआरला वेगळी की मानतच नाही, तुम्ही उजवा ऑल्ट दाबला की ते स्वतःच्या मनाने एक खोटा डावा कंट्रोल पण दाबल्याचं सांगतं, त्यामुळे प्रोग्रॅमच्या नजरेला कंट्रोल+ऑल्ट+४ आणि ऑल्टजीआर+४ एकच. तुमची स्क्रिप्ट बिचारी कंट्रोल+ऑल्ट+४ ची वाट बघत बसलेली असते, तिला मिळतं, ती मजकूर ओतते आणि ₹ वाटेतच गायब.

म्हणूनच मायक्रोसॉफ्ट स्वतः प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना सांगतं की शॉर्टकटला कंट्रोल+ऑल्ट वापरू नका. आणि त्यांच्याच वर्डमध्ये हेडिंग १, २, ३ साठी कंट्रोल+ऑल्ट+१, २, ३ आहे. असो.

उपाय सोपा आहे. स्क्रिप्टमध्ये आत्ता तुम्ही ^! लिहिलं असेल, त्यात ^ म्हणजे कुठलाही कंट्रोल आणि ! म्हणजे कुठलाही ऑल्ट. त्याजागी <^<! करा, म्हणजे दोन्ही फक्त डावीकडचे. मग डावा कंट्रोल+डावा ऑल्ट+४ ला बँक डिटेल्स येतील आणि उजव्या ऑल्टला ₹. पटत नसेल तर स्वतःच्या डोळ्यांनी बघा: ही ओळ घातल्यावर स्क्रिप्ट रिलोड करा, ट्रेमधल्या (घड्याळाशेजारच्या छोट्या आयकॉन्समधल्या) ऑटोहॉटकीच्या हिरव्या एच वर डबल क्लिक, व्ह्यू मेनूतून की हिस्टरी उघडा, एकदाच उजवा ऑल्ट दाबा आणि एफ५ ने रिफ्रेश करा. तुम्ही एकच की दाबली असली तरी तिथे एलकंट्रोल आणि आरऑल्ट अशा दोन्हीच्या नोंदी दिसतील. (जुन्या ओळीवर हे दिसेलच असं नाही, कारण साधा ^! शॉर्टकट ऑटोहॉटकी विंडोजकडे नुसता नोंदवून ठेवतं, डावं-उजवं वेगळं करायचं असेल तेव्हा ते कीबोर्ड हूक लावून प्रत्येक की स्वतः बघायला लागतं.)

या नोंदवण्याचं पण एक लफडं आहे. विंडोजकडे ग्लोबल शॉर्टकट (कुठलाही प्रोग्रॅम समोर असला तरी चालणारा) नोंदवताना पहिला येईल त्याला मिळतो, रेल्वेत रुमाल टाकून सीट धरतात तसंच. दुसऱ्या प्रोग्रॅमने तोच मागितला तर त्याला एरर १४०९ मिळतो, आणि बरेच प्रोग्रॅम हा एरर तुम्हाला दाखवतच नाहीत, शॉर्टकट नुसता मुका राहतो. त्यामुळे "काल चालत होतं आज नाही" झालं तर स्टार्टअपला काय नवीन चालू झालंय ते बघा. जास्त करून स्क्रीनशॉटची आणि गेमिंगची टूल्स असतात. उदाहरणार्थ व्हीएस कोड या कोड लिहायच्या प्रोग्रॅममध्ये ऑल्ट+झेड ने वर्ड रॅप होतो (लांब ओळी मोडून खाली येतात) पण एनव्हिडिया ग्राफिक्स कार्डाचा ओव्हरले (गेमच्या वर दिसणारा मेनू) चालू असेल तर तीच की तो खातो, हे तर ठरलेलंच.

आता विंडोज+एल. हे ऑटोहॉटकीच्या हातातलंच नाही, तुम्ही हूक लावा नाहीतर काही करा, लॉक होणारच. कंट्रोल+ऑल्ट+डिलीट तर त्याहून पक्कं, ते मुद्दामच असं ठेवलंय की कुठल्याही साध्या प्रोग्रॅमला मध्ये पकडता येऊ नये, नाहीतर कुणीही खोटी लॉगिन स्क्रीन दाखवून पासवर्ड काढून घेईल. विंडोज+एल साठी रजिस्ट्रीत (विंडोजची आतली सेटिंग्ज जिथे असतात तिथे) लॉक बंद करायची एक व्हॅल्यू आहे, पण तिने शॉर्टकटच नाही तर लॉक करायची सोयच जाते, स्टार्ट मेनूतून पण. हिशोबाच्या मशीनवर हे करू नका, सरळ सांगतो.

मग लेजरला काय द्यायचं? चारही एकत्र, म्हणजे कंट्रोल+ऑल्ट+शिफ्ट+विंडोज, हे कुणी घेतलं नसेल असं वाटतं ना, त्याला एल जोडून बघा, लिंक्डइन उघडतं, खरंच. माझं मत विचाराल तर कीबोर्ड शॉर्टकटच नको, ऑटोहॉटकीत हॉटस्ट्रिंग वापरा: एखादा विचित्र छोटा शब्द टाइप केला की शीट उघडेल, त्याच्याशी विंडोजचं काही भांडण नाही. बँक डिटेल्सला पण तेच बरं पडेल खरं तर. कीच हवी असेल तर एफ१३ ते एफ२४ विंडोजला कळतात आणि जवळजवळ रिकाम्याच असतात, पण आपल्या कीबोर्डवर त्या नसतात, म्हणून कॅप्स लॉकला एफ१३ करून टाका, एक ओळीचं काम आहे, आणि तसाही कॅप्स लॉक कोण वापरतं.

बदल केला की दर वेळी हिरव्या एच वर राइट क्लिक करून रिलोड करा, नुसतं सेव्ह करून जुनीच स्क्रिप्ट चालत राहते.